सहा मासे

आलेल्या बाई चहा नको म्हणून थेट मागच्या हौदांकडे निघाल्या, तेव्हाच वहिनीने ओळखलं, आज काही खरं नाही. गेल्या वर्षीचे साहेब चहा पिऊन, मासे पाहून, खूश होऊन गेले होते. या बाई निराळ्या दिसत होत्या. कारखान्यातलं निम्मं कापड घेणाऱ्या कंपनीने त्यांना तपासणीला पाठवलं होतं.

कापड रंगवायच्या त्या कारखान्यात सांडपाणी साफ करायचे हौद सांभाळायचं काम वहिनीचं. खरी वहिनी ती एकट्या रंगमास्तरची, पण दीर म्हणतो म्हणून सगळेच तिला वहिनी म्हणत. हौदांच्या शेवटी मालकांनी मोठ्या हौसेने काचेची टाकी बसवली होती. साफ झालेलं पाणी तिच्यातून नाल्यात जाणार, आणि तिच्यात सहा मासे पोहणार. मासे जगले म्हणजे पाणी चांगलं. सांगायला सोपं, फोटोलाही छान.

पण हौदात हवा सोडणारं यंत्र तीन महिने बंद होतं. विजेचा खर्च निम्म्यावर आणा, कसा ते मला सांगू नका, असं मालक रंगमास्तरला म्हणाले होते. रंगमास्तर आज्ञाधारक, त्याने यंत्र बंद केलं आणि सांगितलं नाही. आठवड्याभरात मासे मेले. वहिनीने नवे आणले, टाकीत पाणी आणणाऱ्या नळीची चावी बंद करून हौदाचं पाणी बाहेरच्या बाहेर नाल्यात जाऊ दिलं आणि टाकीत बादलीने पिण्याचं पाणी भरलं. अळीमिळी गुपचिळी. तोच नाला पुढे तिच्या आईच्या वस्तीला लागून जात होता, आणि महिनाभर आईच्या विहिरीला जांभळट पाणी येत होतं. हे तिने घरातसुद्धा कोणाला सांगितलं नव्हतं. तिला लाज वाटायची, दुसरं काय.

"वहिनी, ऐंशी घरं आहेत आपल्यामागे," चालता चालता रंगमास्तर पुटपुटला. "पाण्यात राहून माशाशी वैर नको."

बाईंनी माशांकडे जेमतेम पाहिलं. त्या नळीकडे बघत होत्या. चावी बंद का, असं त्यांनी विचारलं. सकाळीच अडकली, रंगमास्तर म्हणाला. जुनं सामान, चालायचंच, म्हणत बरोबर आलेले मालक हसले. बाई हसल्या नाहीत. त्या वहिनीकडे वळल्या.

"हे तुम्ही सांभाळता ना? अडकली आहे का चावी?"

दीर तिच्याकडे एकटक बघत होता. हो म्हणायला एक अक्षर लागत होतं. तिला आईची जांभळी ओंजळ आठवली आणि तिने चावीला हात घातला.

चावी लोण्यासारखी फिरली. दर आठवड्याला तीच तर तिला तेल देत होती. बंद ठेवायच्या चावीला तेल कशाला, हे मात्र तिने स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

टाकी जांभळी होत गेली. थोड्या वेळाने मासे वर आले आणि तोंडं उघडून हवा गिळू लागले. एक मासा आडवा झाला, मग वहिनीनेच सांगून टाकलं, "तीन महिने असंच चाललंय."

बाईंनी लिहून घेतलं. महिनाभर माल उचलणार नाही. महिन्याने मी पुन्हा येईन, चावी याच उघडतील आणि मासे जगले तरच पुढचं बोलू, असं वहिनीकडे बोट करत मालकांना सांगून त्या गेल्या.

"घराला आग लावलीत तुम्ही," रंगमास्तर म्हणाला आणि तोही निघून गेला.

मालक टाकीपाशी आले. मग त्यांनी बाही वर केली आणि एकेक मासा हाताने उचलून स्वच्छ पाण्याच्या बादलीत टाकला. आता आपलं काम गेलं, याची वहिनीला खात्री होती.

"हे पाणी पुढे जातं कुठे?" त्यांनी विचारलं. ती इथे कामाला लागल्यापासून सहा वर्षांत पहिल्यांदाच.

"माझ्या आईच्या विहिरीत."

मालकांनी आपल्या जांभळ्या हाताकडे पाहिलं. तो न पुसताच ते हवेच्या यंत्राचं बटण शोधत भिंतीकडे गेले. ते कुठे आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. वहिनीने दाखवलं.