घरगल्लीची चावी

“मग लीलाबाई गेल्यावर या बागेचं कोण बघणार?” ऋग्वेदाने रेकॉर्डिंग चालू असलेला मोबाइल पुढे सरकवत विचारलं. शहरातली माणसं एकत्र येऊन निसर्ग कसा जवळ करतात, यावर तिचं संशोधन चाललं होतं.

“आम्ही सगळे,” चाळीच्या मंडळाचा सेक्रेटरी हितेंद्र म्हणाला. “कम्युनिटीची बाग आहे, एकाची थोडीच?” लीलाबाईंच्या खोलीत चटईवर जमलेल्या शेजाऱ्यांनी माना डोलावल्या.

लीलाबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. काळाचौकीच्या या चाळीमागची घरगल्ली पूर्वी नुसता उकिरडा होती. वरून खरकटं टाकणाऱ्यांशी भांडून भांडून त्यांनी तिथे अळू, कढीपत्ता, केळी उभी केली. सुरुवातीला मदतीला यायचे लोक, नाही असं नाही. पुढे अळूवडीपुरतेच उरले. आता लीलाबाईंचे गुडघे थकले होते आणि पुढच्या रविवारी मुलगा विक्रांत त्यांना डोंबिवलीला नेणार होता.

“मग ही चावी घे,” त्यांनी गल्लीच्या फाटकाची चावी हितेंद्रपुढे धरली.

“काकू, मी नाइट शिफ्टवाला माणूस. कमलाबाईंना द्या ना.”

“माका नको गो बाय,” शेजारच्या कमलाबाई मागे सरल्या. “माजी कंबर धरता.”

“जिन्याखाली खिळ्याला लावू,” हितेंद्रने तोडगा काढला. “ज्याला टाइम असेल तो घेईल.”

ऋग्वेदाला ही कल्पना फारच आवडली. तिने खिळ्यावरच्या चावीचा फोटो काढला. “सामूहिक मालकी म्हणजे हेच,” ती म्हणाली. हिलाच उद्या बादली घेऊन उभी करावी, असं लीलाबाईंना वाटलं. पण पोरगी मनापासून बोलत होती. त्या चहाचे कप उचलायला लागल्या.

कोण हात लावतो ते बघायला त्या आठवडाभर मुद्दाम गल्लीकडे फिरकल्या नाहीत.

रविवारी विक्रांत टॅक्सीत सामान भरत होता. चावी होती तिथेच होती. गल्लीतली माती भेगाळली होती, केळीवर शिळ्या भाताची पिशवी फुटली होती. अळू तेवढं खुडलेलं होतं, तेही फाटकाच्या गजांतून हात पोचेल तिथवरच.

“आई, चल ना. मीटर पडतंय.”

“पडू दे.”

त्यांनी कुलूप उघडलं, भात उचलला, रोपांना पाणी घातलं आणि कुलूप लावून चावी पर्समध्ये टाकली. बसू देत सगळे बोंबलत. टॅक्सीच्या दारापर्यंत त्या तशाच गेल्या. मग लंगडत परत आल्या, चावी पदराने पुसली आणि खिळ्याला लावली.