चौथं नाव

आधी फिर्यादीतली ओळ: "चौघा भावांनी फावड्याच्या दांड्याने माझा मुलगा सूरज यास मारून जागीच ठार केले." खाली ठकूबाईचा अंगठा.

त्या ओळीत एक भाऊ जास्त होता.

अवसरीत शेताच्या चारीच्या पाण्यावरून झालेल्या भांडणात पोरगा गेला, त्या दुपारीच दिरानं, गेणभाऊनं, बजावलं होतं, "वयनी, चौघांचीबी नावं द्या. एक बाहेर राहिला तर तोच वकील लावंल, जामीन आणंल." सगळे असंच करतात. अख्खं घर आत.

त्या चौघांतला धाकटा, ऋषी, त्या वेळी पारगावला. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर, उसाचा ट्रॅक्टर घेऊन.

आता कोर्टाचा व्हरांडा. वृषालीताई, सरकारी वकील. उंची ठकूबाईच्या खांद्याएवढी. दोन वर्षं ही केस त्यांच्याकडं.

"मावशी, काट्याची पावती पोलिसांच्या कागदांत सापडली. ऋषीची सही, वेळ तीच. मी ती त्यांच्या वकिलाला दिलीय."

"दिली?" गेणभाऊ उसळला. "मॅडम, तुमी आमच्याकडून का त्यांच्याकडून?"

"सरकारकडून. ज्यानं मारलं त्याला सोडायचं नाही. ज्यानं मारलं नाही त्याला अडकवायचं नाही."

"आन् ह्यापायी तिघंबी सुटले मंग?"

"सुटू शकतात."



ठकूबाईनं हळूच विचारलं, "मंग वकीलबाई, आत काय सांगू?"

"ते मी सांगायचं नसतं. तुम्ही पाहिलंत तेच सांगा."

पुकारा. पिंजरा. शपथ. विचारणाऱ्या वृषालीताई.

प्रश्न: तिथं कोण कोण होतं?

ठकूबाईनं वृषालीताईंकडं पाहिलं. मान हलेल, डोळा खुणावेल. काही नाही. दोन वर्षांची मेहनत एका अडाणी बाईच्या जिभेवर ठेवून ही एवढीशी बाई हात मागं बांधून उभी होती. देवळातसुद्धा ठकूबाईच्या अंगावर असा काटा आला नव्हता.

उत्तर: थोरला, मधला, तिसरा. तिघं.

प्रश्न: आणि चौथा?

उत्तर: न्हवता. नाव मी घातलं. रागानं.

मागं गेणभाऊनं कपाळावर हात मारला. आरोपींच्या बाकावर ऋषी हुंदके देऊ लागला.

मग आरोपींचा वकील उठला. खोटारडी म्हणाला, पढवलेली म्हणाला, तासभर उकरलं. पण आता लपवायला काही उरलंच नव्हतं. पहिला दांडा कुणाचा, सूरज कुठल्या कुशीवर पडला, पाणी कुठवर लाल झालं. ठकूबाई सांगत गेली. तिघं तिघंच राहिले. वकील खाली बसला.

पिंजऱ्यातून उतरताना हात जजसाहेबांना जोडायचे असतात. ठकूबाईचे वृषालीताईंकडं जोडले गेले.

वृषालीताईंनी पाहिलंही नाही. त्या पुढच्या साक्षीदाराचे कागद काढत होत्या.