प्रॉमिथियसची भाकर

माझं कॉलेज बंद पडायची वेळ एका ग्रीक देवामुळे आली होती, हे आज कोणाला सांगितलं तर हसतील. तेव्हा मला काही हसू आलं नव्हतं.

सन एकसष्ट. मी अमरावतीला इंटरला होते. बार्शीटाकळीजवळच्या आमच्या वस्तीतून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे सुट्टीत घरी आले की माझं पुस्तक अख्ख्या वस्तीचं व्हायचं. थोरले चुलते पुंजाजी, म्हणजे आमचे मोठेबाबा, वस्तीतल्या पंचांपैकी एक. प्रौढांच्या वर्गात चार अक्षरं शिकलेले, पण त्या चार अक्षरांचा दरारा भारी. त्यांनी माझ्या पुस्तकात एक चित्र पाहिलं. ढगावर बसलेला दाढीवाला.

"हा कोन?"

"झ्यूस. ग्रीक लोकांचा मोठा देव," मी बोलून गेले.

झालं. संध्याकाळी मोठेबाबांनी बाबांना अंगणात गाठलं. "बुधाजी, पाच सालाआंधी दीक्षा घेतली तवा आपन घरातले देव नदीत सोडले. अन् आता पोरगी अमरावतीहून दुसरे घेऊन येऊन राहिली. पुरे झालं शिक्षन."

माझे बाबा कधी भांडत नसत, आणि त्यांच्या या गुणाचा मला फार राग यायचा. ते एवढंच म्हणाले, "रविवारी विहारात सगळे बसतात. शालू गोष्ट सांगन. आयका, मंग ठरवा."

रविवारी वंदना झाली आणि मी उभी राहिले. राग अजून उतरला नव्हता. मी सांगितलं, की झ्यूसनं विस्तव स्वतःपाशी ठेवला होता. माणसं थंडीत कुडकुडायची, कच्चं खायची. प्रॉमिथियसला ते बघवेना. त्यानं पोकळ कांडीत निखारा लपवला, चोरून खाली आणला आणि माणसांना दिला. विस्तवामागोमाग माणसांना सगळंच कळत गेलं, लोखंड घडवणं, औषध उकळणं, सगळं. झ्यूस चिडला. त्यानं प्रॉमिथियसला डोंगरावर साखळदंडांनी जखडलं. रोज एक गरुड येऊन त्याचं काळीज खायचा, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ते पुन्हा भरून यायचं.

"रोज?" माय म्हणाली.

"रोज."

मोठेबाबा उठले. मला वाटलं, लागला निकाल. त्यांनी उजवा हात सगळ्यांसमोर धरला. तळहातावर बोराएवढा पांढरा डाग होता. तो कापसाच्या जिनातल्या मशीनचा, असं आम्ही पोरं समजत आलो होतो.

"मी सात वर्साचा होतो. घरात काडेपेटी नोती. मायनं गावात विस्तव आनाले धाडलं. शिवाशिव नको म्हनून बाईनं ओट्यावरूनच निखारा टाकला. हातात गोवरी धरली होती, तिच्यावरून घसरून हातावर आला. मी सोडला नाई. त्या दिशी चूल पेटली आमची."

मग ते माझ्याकडे वळले. "अन् तू चोरला काहून म्हनते? विस्तव काय त्या झ्यूसच्या बापाचा होता?"

सगळे हसले. मलाही हसू आवरेना. "नव्हता," मी म्हणाले.

"मंग परीक्षेत तसंच लिहिजो."

म्हणजे परीक्षा होती, कॉलेज होतं. जीव भांड्यात पडला. पण माय अजून त्या डोंगरावरच होती. तिनं विचारलं, "मानसायनं चुली पेटवल्या, सैपाक केला. मंग त्याले कोनी भाकर नेली काय तिथं?"

मी आठवून पाहिलं. पुस्तकात तसं कुठे नव्हतं. "नाही."

"अमरावतीले तुह्याजवळ कोन जेवाले बसते?"

वसतिगृहात मी पंगतीच्या टोकाला बसायचे आणि माझ्या शेजारचा पाट रिकामा राहायचा. घरी हे कधी सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर बाबांनीच मला परत आणलं असतं. मी खाली बघत राहिले. त्यातूनच सगळ्यांना कळलं.

सोमवारी मी अकोल्याच्या एस.टी.त चढत होते, तेवढ्यात मोठेबाबा धोतर सावरत आले. त्यांच्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि ठेचा होता.

"त्याले कोनी नेली नाई म्हनते ना. तुले आनली."

"एवढ्या? मी एकटी आहे, मोठेबाबा."

"एकटी काहून? शेजारी कोनी बसलं तं?"

अकोल्याला आगगाडीत बसले, अमरावतीसाठी बडनेऱ्याला उतरले, पण एक घास खाल्ला नाही. संध्याकाळी पंगतीत फडकं सोडलं. ठेच्याचा वास सुटला. दोन पाट पलीकडे दर्यापूरकडच्या पाटलाची सुभद्रा बसली होती. तिनं दोनदा मान वळवली.

"घरचा ठेचा?" तिसऱ्यांदा तिनं विचारलंच.

"आमच्या मोठेबाबांनी दिला."

ती ताट उचलून माझ्या शेजारच्या पाटावर येऊन बसली. तिनं हात पुढे केला. मी भाकर तिच्या हातात दिली, आणि तिनं ती हातातच घेतली.