उपाशी पोटी सिगार

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी घिवलीच्या गोमा तांडेलाला अमेरिकन साहेबाचं बोलावणं आलं. तारापूरजवळ अणुवीज केंद्राचं काम सुरू झालं होतं, आणि समुद्राची खोली मोजत फिरायला साहेबाला कायमची होडी हवी होती. आज एक फेरी मारून दाखवायची, जमली तर काम पक्कं.

गोमाला ते काम हवंच होतं. दोन हंगाम मासळीने दगा दिला होता. यंदाही तेच झालं तर होडी विकून दुसऱ्याच्या होडीवर खलाशी व्हावं लागणार होतं. तांडेलाने खलाशी व्हायचं, म्हणजे सासूने सुनेच्या हाताखाली नांदायचं. बापामागे होडी दोघा भावांची झाली, पण सुकाणू मात्र गोमाचं, म्हणून तांडेलही तोच. धाकट्या देवूला त्याने अजून सुकाणूला हातसुद्धा लावू दिला नव्हता.

होडीची ही हंगामातली पहिली फेरी होती. खडकांपलीकडे जाऊन दर्याला नारळ देईपर्यंत तांडेलाने पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, हा घरचा नेम.

होडी निघताच साहेबाने डबा पुढे केला. आत दोन जातींच्या सिगारी, एक काळी बारीक आणि एक पिवळट जाडी. गोमा लग्नाकार्यात एखादी विडी ओढणारा माणूस. पण साहेबाला नाही कसं म्हणायचं?

केळव्याचा ओव्हरसियर वामन दुभाष्या म्हणून आला होता. तो म्हणाला, "तुमचा उपास ना?"

"धुरानं उपास मोडत नाय," गोमा म्हणाला.

त्याने काळी पेटवली. गुळचट चव, घशाला काही लागेना. एवढी काळी असून ही अशी, तर गोरी काय करणार? त्याने ती विझवली आणि जाडी घेतली. साहेब काहीतरी बोलला.

"धूर छातीत घेऊ नका म्हणतात," वामन म्हणाला.

"तोंडात ठेवून काय करू, चूळ भरू?" म्हणत गोमाने विडीसारखा धूर खोल ओढला. एकदा, दोनदा, मग फुशारकीने आणखी चारदा.

खडक जवळ आले आणि त्याला मळमळू लागलं. कपाळावर थंड घाम आला. ओहोटी जोरात होती, डाव्या हाताला फेस उसळत होता. होडी जाईल एवढीच वाट होती, आणि त्याला तशा दोन दिसत होत्या. आयुष्यात त्याला बोट कधी लागली नव्हती. आज साहेबासमोर तो काठावरून वाकून ओकला.

देवू पुढून धावत आला. "दादूस, सुकानू दे."

"बस तिकडं."

होडी तिरपी झाली, तळ कशाला तरी घासला. वामन देवाचं नाव घेऊ लागला. गोमाला लाज वाटत होती, पण भीती लाजेहून मोठी झाली. चार माणसं बुडतील आणि आपल्या हट्टापायी बुडतील, हे त्याला लख्ख दिसलं. त्याने हात सोडला.

देवूने सुकाणू धरलं. इतकी वर्षं तो पुढे बसून नुसता बघत होता, तेवढ्यावर त्याने होडी अलगद खडकांतून काढली. गोमाने दर्याला नारळ दिला. साहेबाचं मोजमाप झालं, आणि परतीचं सुकाणूही देवूकडेच राहिलं.

किनाऱ्याला लागल्यावर साहेब वामनशी बराच वेळ बोलला. वामन खाली मान घालून म्हणाला, "काम पक्कं म्हणतात. तांडेल कोण असणार, तेवढं सांगा."

"दादूस," देवू लगेच गोमाकडे बोट दाखवून म्हणाला.

साहेबाने नकारार्थी मान हलवली. त्याला भाषा कळत नव्हती, बोट कुणाकडे आहे ते कळत होतं. गोमाला राग आला, सगळ्यात जास्त स्वतःचाच आला.

"तांडेल देवू हाय," तो म्हणाला. "मी खलाशी."

आणि देवूने सांगायची वाट न बघता तो होडी ओढायला पाण्यात उतरला.