पाठीखालचे वीस मिलिमीटर

माझी थोरली बहीण कुसुमताई मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर उमरेडला घरी निघाली, तेव्हा डॉक्टरांनी एकच अट घातली: पाठीला दणका बसता कामा नये. वेदनेमुळे अकरा रात्री तिचा डोळा लागलेला नव्हता. तिच्या इंजिनिअर मुलाने, रजतने, त्यासाठी नवी गाडी आणली आणि शहराच्या टोकाची दिघोरी ओलांडताच स्पोर्टचे बटण दाबले.

गाडी वीस मिलिमीटरने खाली बसली. माहितीपुस्तिका रजतला मुखोद्गत होती. अर्थाची तसदी न घेता पाठ करण्याची आपली परंपरा अद्याप खंडित झालेली नाही.

"मामा, गाडी खाली आली का वळणावर झुकत नाही. स्टिअरिंग पाहा न, कसं चालून राहिलं!"

वळणावर ती खरोखरच झुकली नाही. परंतु या रस्त्यावर वळणे मोजकी आणि काँक्रीटचे सांधे असंख्य. कडक झालेल्या शॉकॲब्सॉर्बरमधून प्रत्येक सांधा थेट ताईच्या टाक्यांपर्यंत पोहोचत होता. एका गतिरोधकावर गाडीचे पोट घासले. ताईचे ओठ पांढरे पडले.

"काहून गा, शर्यत लावून राहिला का कोणाशी?" मी विचारले.

"मामा, तुमाले गाडीतलं..."

"त्याले काय सांगतं? त्याले सायकल बी येत नाही," डोळे मिटूनच ताई म्हणाली. "पण तू ताणा लय कसला गा. मागावर असा कसला तर पटापट धागे तुटतात. थोडा ढिला कर."

चाळीस वर्षे तिने मागावर लुगडी विणली होती. पुस्तिकेने जे सांगितले नव्हते ते विणकरणीच्या मुलाला एका वाक्यात कळले. त्याने कम्फर्टचे बटण दाबले.

गाडी सावकाश वर आली आणि जणू कोणी आमच्याखालचा रस्ता हळूच काढून घेतला. वळणावर आता आम्ही किंचित कलत होतो, पुन्हा सावरत होतो. काचेबाहेर गव्हाची शेते धुक्यात विरघळत होती. झाडे जवळ येत आणि आवाज न करता मागे सरत. खालचे यंत्र प्रत्येक खड्डा ओळखून प्रत्येक चाकाला निराळी सवलत देत होते. मी शिकवतो त्या विद्यापीठाला पस्तीस वर्षांत विद्यार्थ्यांच्या बाबतीत एवढे जमलेले नाही.

उमरेडला दारात सून हर्षा भाकरतुकडा ओवाळायला उभी होती. रजतने मागे वळून पाहिले. ताईचे तोंड किंचित उघडे होते. श्वास संथ, खोल.

"झोपली," तो कुजबुजला. "दार उघडलं तर उठंल."

"मग काहून उघडतं?" मी म्हणालो.

हर्षा हातातले ताट सावरत पाहत राहिली. आम्ही घर ओलांडून भिवापूरच्या दिशेने, धुक्यात, पुढे गेलो.