दुपारच्या भुताची वाटणी

सानगडीत आजवर घरं फुटली ती बांधावरून, नाहीतर विहिरीवरून. भुतावरून फुटलेलं घर एकच, ते कलाबाईचं.

कलाबाई आणि तिची धाकटी जाऊ बेबीबाई, दोघींना भुताच्या सिनेमांचं वेड. वीस वर्षांपासूनचं. दुपारची भांडी झाली की खिडक्यांना धानाची रिकामी पोती टांगायची, छपराच्या कवेलूंतून ऊन गळायचं तिथे टोपलं अडकवायचं, आणि दोघींनी एका चटईवर बसायचं. कलाबाईनं भूत पाहायचं आणि बेबीबाईनं भ्यायचं, अशी कामाची वाटणीच होती. कारण कलाबाईला देवानं भीती म्हणून दिलीच नव्हती. पडद्यावर मुंडकं उडालं तरी ती लसूण सोलत असे. पण बाजूला बेबीबाई तिचं मनगट आवळून किंचाळली, की कलाबाईच्याही अंगावर सरसरून काटा यायचा. तेवढ्या काट्यासाठी तिचा जीव दुपारची वाट पाहायचा.

बेबीबाईची किंचाळीही साधीसुधी नव्हती. एकदा तिच्या किंचाळीनं गोठ्यातली म्हैस आठ दिवस आधी व्याली, आणि रेडकू जन्मलं ते कान टवकारूनच.

अशा सोन्यासारख्या संसारात बेबीबाईनं गेल्या महिन्यात घात केला. नव्या सिनेमाचा शेवट तिनं मोबाइलवर आधीच पाहून ठेवला होता. दोघी अर्ध्यात आल्या असताना तिला राहवलं नाही.

"भूत-बित काही नाही वो बाई, तो डॉक्टरच मेलेला हाय!"

कलाबाईनं टीव्ही बंद केला, आणि वीस वर्षांत जे बोलली नव्हती ते सगळं एका दमात बोलली. बेबीबाईनंही शिल्लक ठेवलं नाही. दोघींचं तोंड तीन दिवस थांबेना, तेव्हा कलाबाईचे यजमान भैय्याजी वैतागून गवंडी घेऊन आले आणि त्यांनी मधल्या खोलीत भिंतच घातली. विटा संपल्या म्हणून ती वर हातभर कमी पडली, एवढंच.

नवरा गेल्यापासून बेबीबाई एकटीच होती. भिंतीचं कळल्यावर तिचा नागपूरचा मुलगा मनिष म्हणाला, "मंग आई, तू तिथं राहते कायले? रविवारी गाडी घेऊन येतो. कायमची चाल."

ही खबर शेजारच्या रुखमानं गुरुवारी कलाबाईला दिली. कलाबाईच्या हातातला तांब्या हातातच राहिला. पण बोलायचं कसं? ती मोठी जाऊ. शिवाय शेवट सांगून टाकला होता तो धाकटीनं.

'मी काही तिच्यावाचून अडून बसली नाही,' असं ठरवून तिनं त्याच दुपारी भैय्याजींना चटईवर बसवलं.

"माह्यं मनगट धरा. आणि भ्या."

"कायले?"

"मी म्हणतो म्हणून भ्या!"

भैय्याजींनी मनगट धरलं, वैद्यासारखी नाडी पाहिली आणि भूत यायच्या आत घोरू लागले. शुक्रवारी रुखमाला बोलावलं. तिनं सिनेमाच्या नावाची पाटी आली तेव्हापासूनच तोंडावर पदर घेतला, आणि आतून एकच विचारत राहिली, "सरला का वो?" कलाबाईच्या अंगावर एकही केस उभा राहिला नाही. आपण टीव्हीपुढं बसलेला धोंडा आहोत, आणि मरेपर्यंत असंच बसून राहायचं, असं तिला वाटू लागलं.

शनिवार उजाडला. भिंतीपलीकडे सकाळपासून पेटीचं झाकण वाजत होतं. दुपारी कलाबाईनं तोच अर्धा राहिलेला सिनेमा लावला आणि आवाज पार वर नेला. भूत असं रडलं की रस्त्यावरची कुत्री त्याच्या सुरात सूर मिळवू लागली. पलीकडून नुसतं झाकण वाजलं.

मग कलाबाई भिंतीला तोंड लावून उभी राहिली. बोलायची ती भिंतीशी, जावेशी थोडीच!

"पोरगी जिना चढून राहिली... वरतं कोणी तरी हाय..."

झाकण थांबलं. पण किंचाळी नाही. उद्या या वेळी पलीकडे ऐकायलाही कोणी नसणार होतं. तिच्या तोंडून भलतंच निघालं.

"डॉक्टर जित्ता हाय. लगन लागून राहिलं त्याचं."

कलाबाईनं आणखी भर घातली.

"भूत वरातीत नाचून राहिलं."

"खोटं!" भिंतीवरून आवाज आला. "डॉक्टर मेलेला हाय! मी पाह्यलं माह्या डोळ्यानं!"

"तू नागपूरवाला पाह्यला असशीन. सानगडीचा येगळा हाय. डॉक्टर पंगतीत बसला. बुंदी वाढून राहिले त्याले."

"बुंदी? मेलेल्याले?"

अंगणातून धाडधाड पावलं आली. बेबीबाई आत शिरली, कलाबाईकडे न पाहता चटईच्या पार टोकाला बसली. पडद्यावर दार करकरलं. बेबीबाई सरकली. दार आणखी उघडलं. बेबीबाईनं मनगट पकडलं आणि अशी किंचाळली, की स्टँडवर उभ्या एसटीचा ड्रायव्हर खाली उतरून चाकांखाली पाहू लागला.

पण सिनेमा काय, सरायचाच. डॉक्टर मेलेलाच निघाला. बेबीबाई उठली.

"पाह्यलं ना? जातो मी. पेटीले कुलूप लावाचं रायलं."

कलाबाईनं तिचा हात सोडला नाही. टीव्ही बंद झाला होता, पोत्याच्या फटीतून ऊन येत होतं, आणि तिचा हात थरथर कापत होता.

"बाई, तुमी कापून काहून राहिल्या? सिनेमा तं सरला."

"थंडी वाजते."

"भर दुपारी?"

कलाबाईनं तिचा हात आणखी आवळला. "बेबी, मी भेली वो."

"तुमी? कायले?"

"उद्याले."

बेबीबाई तिच्याकडे पाहतच राहिली. वीस वर्षं शेजारी बसून तिनं हे तोंड असं कधी पाहिलं नव्हतं. मग तिनं दुसऱ्या हातानं कमरेचा मोबाइल काढला.

"मनिष, गाडी आणू नोको... अरे, तुही मोठी आई भेऊन राहिली... हो, तेच! मले बी खरं नाही वाटलं. हात धरून बसलो हावो..."

तिकडून मनिष काहीतरी लांबलचक बोलला. बेबीबाई नुसती "हं, हं" करत होती. कलाबाई श्वास धरून तिच्या तोंडाकडे पाहत होती.

"किती दिवस, ते मी कसं सांगू रे बापा?" बेबीबाई शेवटी म्हणाली. "बाईचं भेणं आताच सुरू झालं."