माउंट नीबोच्या विटा

पेलम गावातली सगळ्यात सुस्थितीतली इमारत म्हणजे तिथला जुना तुरुंग. कोर्टाला चिकटून उभा, दुमजली, पांढराशुभ्र. दोन वर्षांनी एकदा रंग, दर वसंतात बिजागऱ्यांना तेल. साठ वर्षांपूर्वी शेरीफ ज्या खुर्चीत बसून तंबाखू थुंकायचा ती खुर्ची आणि ते पिकदाणीचं भांडंसुद्धा जागच्या जागी. जुने कागद ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरवर सालाच्या चिठ्ठ्या. अलाबामातल्या या कोपऱ्यात गोऱ्या लोकांनी आपला भूतकाळ कधी फेकून दिला नाही. त्याबद्दल बोलायचं मात्र नसतं, एवढंच.

माउंट नीबो चर्चचं तसं नव्हतं. ते काळ्या लोकांनी, काळ्या लोकांच्या हातांनी, लाकडाच्या गिरणीतून उरलेल्या पाइनच्या फळ्यांनी बांधलेलं. १९६४ च्या जूनमध्ये एका संध्याकाळी तिथे मतदार नोंदणीचा वर्ग सुटला. एकोणीस वर्षांचा लुशस टार्पली दारात उभा राहून म्हाताऱ्यांना पायरी उतरायला हात देत होता. रस्त्यावरून एक ट्रक गेला. चार गोळ्या आल्या. तीन दाराशेजारच्या फळीत शिरल्या, एक लुशसमध्ये.

त्याची बहीण ओझेला तेव्हा पंधरा वर्षांची होती. तिने दुसऱ्या दिवशी फळीतल्या तिन्ही भोकांत एकेक करून बोट घातलं. मधलं भोक बरोबर तिच्या डोळ्यांसमोर होतं. पेपरात आलं की चर्चच्या मेळाव्यातल्या भांडणात एक निग्रो तरुण दगावला. नाव छापलं नाही. सरकारी कागदावर लुशसचं नाव म्हणाल तर त्याआधी एकदाच लागलं होतं, मतदाराच्या अर्जावर, आणि त्याच्यापुढे काळ्यांना अडवायला ठेवलेल्या परीक्षेचा शिक्का होता, नापास. दफन झालं त्या आठवड्यात ओझेला कोर्टासमोर पाटी धरून उभी राहिली. तिला त्या देखण्या तुरुंगात नेऊन बोटांचे ठसे घेतले, तीन दिवस ठेवलं आणि सोडून दिलं. त्यानंतर तिने त्या इमारतीचा उंबरा ओलांडला नाही. गाडीचा परवाना तुरुंगाला चिकटलेल्या कोर्टात मिळायचा, म्हणून तो काढायलासुद्धा शेजारच्या काउंटीत जायची.

विटांची गोष्ट त्यानंतरची. त्या काळात चर्चं जळत होती. कधी वीज पडून जळायची, कधी वायर खराब होऊन, आणि आश्चर्य म्हणजे ही वीज आणि या वायरी फक्त काळ्यांचीच चर्चं शोधून काढायच्या. म्हणून १९७६ साली माउंट नीबोच्या बायकांनी ठरवलं की चर्चला विटांचा अंगरखा चढवायचा. वीट पेटत नाही. शिवाय फळ्यांच्या घरात जन्मलेल्या, फळ्यांच्या घरात म्हाताऱ्या झालेल्या माणसांना देवाचं घर तरी विटांचं असावं असं वाटलं, तर त्यात चूक काय? चार वर्षं दर शनिवारी मासे तळले. कॅटफिश, कोबी, मक्याचा ब्रेड, कागदी ताटलीत. कढईवर व्हर्लीन प्यू, हिशेब आणि हुकूम ओझेलाकडे. भट्टीची लाल वीट आली, गवंडी आला, आणि फळ्या, भोकं, सगळं विटांच्या आड गेलं. त्या रविवारी लोक नाचले. ते चर्च कधी जळलं नाही.

आणि मग चाळीस वर्षांनी वॉशिंग्टनला आठवण झाली.

कायद्याचा मसुदा आला. पेलममध्ये नागरी हक्कांचं राष्ट्रीय उद्यान व्हायचं होतं. उद्यान म्हटल्यावर व्हर्लीनने विचारलं की अस्वलं कुठे ठेवणार. रेव्हरंड किम्ब्रोंनी समजावलं की झाडांचं नव्हे, इतिहासाचं. रानं सांभाळणारं खातं तेच, रेंजरची टोपी तीच. कलम तीन, पोटकलम ब. रेव्हरंडनी ते व्यासपीठावरून वाचून दाखवलं, आणि त्यात स्वच्छ लिहिलं होतं की या ठिकाणी मतदानाच्या हक्कासाठी काम करताना लुशस टार्पली यांचा खून झाला. दगावला नव्हे. खून.

ओझेला तेव्हा चर्चची सगळ्यात ज्येष्ठ अशर होती. पांढरा पोशाख, पांढरे हातमोजे, एक हात पाठीमागे, दुसऱ्याने लोकांना बाकावर बसवायचं, कुणाला भरून आलं तर कागदी पंखा पुढे करायचा, आणि स्वतः ढिम्म राहायचं. पन्नास वर्षांत अशर म्हणून उभी असताना ती कधी रडली नव्हती. त्या दिवशी पंखा तिला दुसऱ्याने धरावा लागला.

इमारतींची पाहणी करायला हार्बिसन नावाचे गृहस्थ आले. सज्जन माणूस. पायपुसण्यावर दोनदा बूट पुसून आत येणारा. त्यांनी तुरुंग पाहिला आणि फार खूश झाले; असा न बदललेला नमुना दक्षिणेत दुसरा नाही म्हणाले. तुरुंग पहिल्याच फेरीत मसुद्यात पक्का झाला. मग ते माउंट नीबोला आले, बाहेर उभे राहून विटांकडे बघत राहिले, आणि त्यांचा चेहरा डॉक्टरसारखा झाला.

अडचण अशी होती की कायद्याला १९६४ ची इमारत हवी होती. ही १९८० ची दिसत होती.

"मग माझ्या भावाला गोळी लागली कुठे?" ओझेलाने विचारलं. "शेजारच्या गल्लीत?"

"तसं नाही, मॅडम. घटना इथेच घडली. पण इमारत त्या दिवशीची राहिलेली नाही."

"त्या दिवशीची मीही राहिले नाहीये, साहेब. मलाही यादीतून काढा."

हार्बिसन खरोखर ओशाळले. त्यांनी मनापासून खटपट केली आणि संसदेच्या समितीकडून मसुद्यात एक वाक्य घालून घेतलं. चर्चने दोन वर्षांच्या आत मूळ रूप परत आणलं, तर चर्च उद्यानात. नाहीतर वगळणार. असं ते विधेयक एका मत्स्यबीज केंद्राच्या, दोन धरणांच्या आणि कुठल्याशा पोस्टाच्या बारशाच्या जोडीला बांधून, सणाच्या आधीच्या घाईत मंजूर झालं. ज्यांनी हात वर केले त्यांतल्या बहुतेकांना वाटलं की आपण धरणाला मत देतोय.

माउंट नीबोत सभा भरली. तिथे मत देण्याची रीत अशी की बाजूने असेल त्याने उठून उभं राहायचं. विटा काढाव्यात असं ज्यांचं मत आहे त्यांनी उभं राहावं, असं रेव्हरंड म्हणाले, आणि कुणीच हललं नाही. सगळे ओझेलाकडे बघत होते.

"ओझी, चार वर्षं माझ्या केसांना मासळीचा वास होता," व्हर्लीन बाकावरूनच म्हणाली. "माझा ओडेल, देव त्याला शांती देवो, उशी घेऊन पडवीत झोपायचा. आणि त्या विटा आता मी काढू? कुणासाठी? ज्यांना फळ्या जाळता आल्या नाहीत म्हणून वाईट वाटत होतं, त्यांच्या नातवंडांनी फोटो काढावेत म्हणून?"

"तुझं बरोबर आहे," ओझेला म्हणाली.

"बरोबर आहे ना? मग बस खाली."

ओझेला आधीच उठत होती. गुडघ्यांमुळे तिला वेळ लागला, पण ती उभी राहिली, आणि सवयीने एक हात पाठीमागे गेला. "त्यांनी त्याचं नाव लिहिलंय, व्हर्लीन," ती म्हणाली. "ते खोडायला मी त्यांना कारण देणार नाही."

मग बाकं करकरली आणि एकेक जण उठला. व्हर्लीन तेवढी बसून राहिली, पर्स मांडीवर घट्ट धरून.

मार्चमध्ये विटा काढायला सुरुवात झाली. दाराच्या बाजूने पहिल्यांदा. तिसऱ्या दिवशी ती फळी उघडी पडली. जुन्या पाइनच्या गाभ्याची, मधाच्या रंगाची, आणि तिच्यात तीन भोकं. लोक टोप्या काढून उभे राहिले. ओझेलाने हातमोजा काढून मधल्या भोकात बोट घातलं. बोट आता जाडं झालं होतं, अर्ध्यापर्यंतच गेलं.

पश्चिमेची भिंत उघडली तेव्हा कंत्राटदाराने शिट्टी वाजवली. विटा आणि फळ्या यांच्यामध्ये हवेला जागाच ठेवली नव्हती. गवंडी स्वस्तातला होता आणि बायकांना घाई होती. चाळीस-पंचेचाळीस वर्षांची ओल तिथे कोंडून बसलेली. उरलं ते वाळवीने बघितलं. फळी हाताने ओढली तर मक्याच्या ब्रेडसारखी भुगा होऊन खाली पडत होती. इंजिनिअर आला, त्याने चारी बाजूंनी फेरी मारली आणि सांगितलं की सगळ्यांची समजूत आहे की चर्चने विटा अंगावर घेतल्या होत्या. तसं नाही. गेली वीस एक वर्षं विटांनीच चर्च उभं धरलं होतं.

तोपर्यंत निम्म्या विटा काढून झाल्या होत्या.

पिवळ्या फिती लागल्या. जूनमध्ये वादळ झालं आणि छप्पर आत आलं. कुणी जाळलं नाही, हे रेव्हरंड पुन्हा पुन्हा सांगत राहिले, जसं काही त्यात समाधान होतं. मंडळी व्हर्लीनच्या भाच्याच्या बंद पडलेल्या टायरच्या दुकानात प्रार्थनेला बसू लागली. पहिल्या रविवारी साठ जण होते, नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला एकवीस. व्हर्लीन ओझेलाला एक शब्द बोलली नाही, फक्त एकदा खुर्ची पुढे सरकवताना म्हणाली, "बस. ही तरी मूळ रूपातली आहे." तेवढ्यावर दोघी हसल्या, आणि मग कुणीच हसलं नाही.

कायद्याला काही झालं नाही. कलम तीन, पोटकलम ब जागच्या जागी होतं, लुशसचं नाव होतं, खून हा शब्द होता. फक्त ते ज्या इमारतीबद्दल होतं तिथे आता गवत होतं आणि एक सुबक फलक. भोकांची फळी मात्र वाचली. ती हार्बिसननी स्वतः कापसात गुंडाळून नेली आणि गावात सुरक्षित, कोरडी, नीट ठेवलेली अशी एकच जागा होती, तिथे ठेवली.

उद्यान उघडलं त्याच्या दुसऱ्या रविवारी ओझेला पांढऱ्या पोशाखात, हातमोजे घालून तुरुंगाच्या पायऱ्या चढली. साठ वर्षांनी. बिजागरी कुरकुरली नाही.

फळी खालच्या मजल्यावर, काचेमागे, तिच्या कमरेच्या जरा खाली लावलेली होती. उद्यानाचा रेंजर डुप्री नावाचा पन्नाशीचा काळा माणूस होता, ओहायोकडचा, अदबीने बोलणारा. तिने त्याला सांगितलं की हे भोक माझ्या डोळ्यांसमोर असायचं. लुशस माझ्यापेक्षा उंच होता. इतकं खाली लावलं तर बघणाऱ्याला वाटेल की कुणीतरी कुत्र्यावर गोळी झाडली.

डुप्रीने मान खाली घातली. चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्यांना दिसावं म्हणून उंचीचा नियम आहे, म्हणाला. वर लावायची तर अर्ज करता येतो. अर्ज वॉशिंग्टनला जातो.

ओझेलाने अर्ज केला. तो गेला. ती पुढच्या रविवारी पुन्हा आली आणि फळीशेजारी उभी राहिली, एक हात पाठीमागे. येणाऱ्याला खुणेने सांगायची, इथे वाका. आणखी वाका. कुणाला भरून आलं तर पंखा पुढे करायची. पंख्यावर अंत्यविधी करून देणाऱ्या दुकानाची जाहिरात होती, त्यामुळे काहीजण घ्यायला कचरायचे. टेक्सासच्या एका बाईंनी तिचा फोटो काढला आणि डुप्रीला विचारलं की ही नटी रोज असते का.

चौथ्या रविवारी डुप्री टोपी हातात घेऊन आला. त्याला बोलायचं जड जात होतं.

"मॅम, वरून विचारणा झालीय. असं कुणालाही इथे ड्युटीवर उभं राहता येत नाही. स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवावं लागेल. मी सगळं भरून ठेवलंय, तुम्ही फक्त—"

"सही?"

"बोटांचे ठसे," डुप्री म्हणाला. "सगळ्यांचेच घेतात. माझेही घेतले."

ठसे घ्यायचं यंत्र जिथे होतं ती खोली तिला दाखवावी लागली नाही. डावीकडे दुसरी. ती आपण होऊन पुढे चालली, आणि डुप्री मागून. खुर्ची तीच होती, आता तिच्याभोवती दोरी होती. ओझेलाने हातमोजे काढले, घडी करून पर्समध्ये ठेवले आणि उजवा अंगठा काचेवर टेकवला. यंत्राने लाल दिवा दाखवला. पुन्हा टेकवला. पुन्हा लाल. दहाही बोटं झाली. तिने चाळीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात गरम पाण्यात भांडी घासली होती; बोटांवर आता रेषा उरल्या नव्हत्या. डुप्रीने काच पुसली, बोटं ओली करून बघितली, माफी मागितली. यंत्राच्या मते टेबलापुढे कुणीच बसलेलं नव्हतं.

तिने वर बघितलं. समोरच्या भिंतीवर शेरीफच्या ड्रॉवरमधली कार्डं चौकटीत लावली होती, डोळ्यांच्या उंचीवर, उत्तम प्रकाशात. खालच्या ओळीत तिसरं कार्ड. टार्पली, ओझेला, वय पंधरा, निग्रो, स्त्री. दहा बोटं, काळीभोर, रेष न् रेष स्वच्छ.

डुप्रीचंही लक्ष तिकडे गेलं.

"ते चालतील का बघा," ओझेला म्हणाली आणि पर्समधून हातमोजे काढून घालू लागली. बाहेर फळीपाशी लोक जमले होते आणि कुणालाही वाकायचं कळत नव्हतं.